देणं कुणाचं, घेणं कुणाचं

उदगीरच्या एका घरात मुलाचं लग्न ठरायचं आहे. मुलगा बँकॉकमध्ये एका भारतीय कंपनीच्या हिशेब खात्यात आहे. मुलगी त्याच कचेरीतली; तिचं माहेर ईशान्य थायलंडमध्ये, उदोन थानी शहराजवळच्या भातशेतीच्या गावात. मुलाचं घर बौद्ध. आईवडील शिकलेले आहेत, पण सोयरिकीत मामाला विचारायचं ही रीत धम्म स्वीकारल्यावरही सुटलेली नाही. मामा नांदेडला असतात. निवृत्त मुख्याध्यापक, नामांतराच्या आंदोलनात काठ्या खाल्लेले, हुंड्याच्या लग्नात पंगतीला न बसणारे. त्यांच्याशी वाद घालणारी भाची त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी, लातूरला वकिली करते. दोघांची नावं मुद्दाम देत नाही. अशी माणसं या दोन जिल्ह्यांत गल्लोगल्ली भेटतील.

मामा: तुझी मावशी फोनवर हसायली का रडायली, तेच मला कळंना.

भाची: दोन्ही करायली. तिनं पोराला विचारलं, "ते लोक काही देणार आहेत का?" पोरगा म्हणाला, "आई, तिकडं मुलाकडच्यांनी द्यायचं असतं."

मामा: बरी जिरली तिची! पण हसून सोडायची गोष्ट नाही ही. मी चाळीस वर्षं शाळेत पोरांना सांगत आलो, लग्नात पैसा आला की माणूस माल होतो. मुलीच्या बापानं दिला तरी माल, मुलानं दिला तरी माल. आता माझ्याच भाच्यानं पैसे मोजून बायको आणायची?

भाची: मोजूनच, मामा. अक्षरशः. त्याला सिन सोद म्हणतात. साखरपुड्याच्या वेळी नोटा आणि सोनं ताटात मांडतात, सगळ्या पाहुण्यांसमोर. कितीतरी घरांत मुलीचे आईबाप नंतर ते जोडप्यालाच परत देतात. काही ठेवून घेतात. मुलगी शिकलेली, कमावती असली की आकडा चढतो. तिचं आधी एक लग्न झालेलं असलं की उतरतो.

मामा: चढतो, उतरतो. आडतीत सोयाबीनचं असंच असतं. तू वकील आहेस, तूच सांग, १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यात दिशा लिहिलीय का? मुलीकडून मुलाकडं असं?

भाची: नाही लिहिली. लग्नापायी एका पक्षानं दुसऱ्याला दिलं, की तो हुंडा. कोणी कोणाला दिलं हे कायदा बघत नाही. मेहर तेवढा वगळलाय. तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण तो सोहळा उदोन थानीला होणार, आणि आपला कायदा इकडं.

मामांचा हा मुद्दा नेमका आहे, आणि तो आपल्याकडं सहसा कुणी काढत नाही. मुलीच्या बापाला पैसे देऊन मुलगी आणण्याची चाल महाराष्ट्रातही अनेक जातीजमातींत होती. देज म्हणायचे त्याला. गेल्या शंभरेक वर्षांत देजाची जागा हुंड्यानं घेतली आणि घेणाऱ्याला वाटलं, आपण वरच्या पायरीवर चढलो. आंबेडकरी चळवळीत वाढलेली घरंही यातून सुटली नाहीत, हे मामा स्वतःच सगळ्यांच्या आधी सांगतात.

भाची: पण मामा, पैसा कुठून कुठं जातो एवढं बघून भागत नाही. त्याच्यामागं घर कसं उभं आहे ते बघा. इसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या त्या ईशान्य भागात, जावई सासुरवाडीला राहायला जायची रीत आहे. आता शहरात गेल्यावर बदललंय, तरी गावाकडं ती धरून आहेत. बहुतेक करून धाकटी मुलगी आईबापाजवळ राहते, त्यांना बघते, आणि घर तिला मिळतं.

मामा: म्हणजे घरजावई.

भाची: बघा, तुमच्या तोंडात तो शब्द आला की त्यात चिमटा आलाच. तिकडं चिमटा नाही. त्यामुळं तिकडं मुलगी झाली म्हणून कुणी तोंड पाडत नाही. आपल्या बीडचा २०११ च्या जनगणनेतला आकडा तुम्हाला पाठ आहे.

मामा: सहा वर्षांखालच्या हजार पोरांमागं ८०७ पोरी.

भाची: आणि भिसे वाघोली?

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. लातूर तालुक्यातल्या त्या एकाच गावात २०१६ च्या जानेवारीत आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये शेतकऱ्यांच्या दोन तरुण मुलींनी जीव दिला. बापाच्या डोक्यावर माझ्या लग्नाचं, हुंड्याचं ओझं नको, अशा अर्थाच्या चिठ्ठ्या मागं होत्या. ती दुष्काळाची वर्षं होती. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं आणि गावोगावच्या सोयरिकी थांबल्या होत्या. इसानही पावसावरच जगतो. जमीन हलकी, एकच पीक, कोरड्या महिन्यांत माणसं बँकॉकला कामाला. मराठवाड्यातला माणूस तिथं उतरला तर त्याला फार काही समजावून सांगावं लागणार नाही.

मामा: बरं. इसानची पोर बापाला ओझं वाटत नाही, मान्य. मग तिथल्या पोरी नवरे म्हणून परदेशी म्हातारे कामून करायलेत? मीही थोडं वाचलंय. उदोन थानीला अमेरिकेचा विमानतळ होता, व्हिएतनामच्या लढाईत. तिथून उडून बॉम्ब टाकायचे. सैनिक आले, त्यांच्यामागं दारूचे अड्डे आले, आठ-पंधरा दिवसांच्या, महिन्यांच्या 'बायका' आल्या. सैनिक ७६ पर्यंत निघून गेले. वाट मात्र राहिली, तिच्यावरून पर्यटक आले. मग जर्मन आले, इंग्रज आले, स्वीडनचे आले. तू ज्याला रीत म्हणायलीस तिच्या बुडाशी लढाई आणि गरिबी आहे, बाई.

भाची: आहे. मी कुठं नाही म्हणाले? पण तिथंच थांबू नका. २०१८ ची एक डॅनिश माहितीपट फिल्म आहे, 'हार्टबाउंड'. यानुस मेट्झ आणि सिने प्लामबेक या दोघांची, प्लामबेकबाई मानववंशशास्त्रज्ञ. डेन्मार्कच्या वायव्य टोकाला थी म्हणून भाग आहे, वाऱ्यापावसाचा, मासेमारीचा. तिथं शेकडो थाई बायका नांदायल्यात. सुरुवात एका बाईनं केली. ती आधी पटायाला होती. तिनं तिकडं लग्न केलं, मग भाचीला बोलावून घेतलं, मग गावातल्या इतरींना. नवरे शोधले, जाहिराती दिल्या, जोड्या लावल्या. दहा वर्षं ही घरं चित्रित केली आहेत त्यांनी.

मामा: म्हणजे दलालच.

भाची: आमच्या लातुरात तिला 'मध्यस्थ' म्हणतील आणि जेवायला पहिल्या पंगतीला बसवतील.

मामा: तोंडाळ आहेस.

भाची: ऐका तर. त्या फिल्ममध्ये खरेदी झालेली बाई शोधायची म्हटलं तर सापडंना. फसलेली आहे, रडणारी आहे, कंटाळलेली आहे. एकीचा नवरा आजारी पडतो, ती त्याची सेवा करते, आणि तुम्हाला कळत नाही की हे प्रेम कधी झालं. सुरुवात पैशानं झाली म्हणून शेवटपर्यंत पैसाच राहिला असं नसतं. तुमचं आणि मामीचं लग्न तुम्ही किती वेळा बोलून ठरवलं होतं?

मामा: एकदाही नाही. माझा नोकरीचा हुकूम बघून तिच्या बापानं होकार दिला.

भाची: मग?

मामा: तो हुकूम जिल्हा परिषदेचा होता, दर महिन्याचा पगार होता. पण तिच्या बापाला माझी सात पिढ्यांची माहिती होती, आणि तिला राग आला तर दोन तासांत एस.टी.नं माहेरी जाता येत होतं. गेली पण आहे दोनदा. त्या डेन्मार्कवालीनं राग आला तर कुठं जायचं?

माझ्या मते सगळ्या वादात हा प्रश्न सगळ्यात वजनाचा आहे, आणि तो भाचीच्या नाही, मामांच्या तोंडून आला. भाचीनं तो लगेच उचलला. मात्र तिनं तो तिसरीकडंच नेला.

भाची: आता डेन्मार्क सोडा. माझ्याकडं येणाऱ्या कागदांवर या. मुलाचं वय पस्तीस, शेती तीन एकर, नोकरी नाही. सोलापूरला २०२२ च्या डिसेंबरात पोरं बाशिंग बांधून घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती, आम्हाला नवरी द्या म्हणून. लोक हसले. पण आपल्या कितीतरी गावांत तशी पंधरा-वीस पोरं पारावर बसलेली आहेत. मग एजंट येतो. तेलंगणातली, विदर्भातली, मध्य प्रदेशातली, ओडिशाची मुलगी दाखवतो. दीड-दोन लाख घेतो. देवळात हार घालतात, नाहीतर नोटरीकडं बाँडवर लिहून घेतात की आम्ही राजीखुशीनं नवराबायको झालो. पूर्वी शंभराचा बाँड लागायचा, आता पाचशेचा. त्या बाँडला कायद्यात लग्न म्हणून कवडीची किंमत नाही.

मामा: आणि आठ दिवसांत नवरी दागिने घेऊन पसार. पेपरात रोज असतं.

भाची: पेपरात ती असते. जी पळून जात नाही ती पेपरात नसते. तिला मराठी येत नाही, शेजारी तिला 'इकत आणलेली' म्हणतात, रेशन कार्डावर नाव नाही, आधार माहेरच्या पत्त्यावर. लेकरू झालं की दाखल्याला लग्नाचा पुरावा मागतात, आणि पुरावा म्हणून तो बाँड. तुम्ही थायलंडच्या पोरीची काळजी करायलात. मामा, मुलीच्या बापाला पैसे देऊन बायको आणायची चाल आपल्या दारात कधीच सुरू झालीय. फरक एवढाच, की सिन सोद आईबापाच्या हातात पडतो, चारचौघांसमोर. इथं मधल्यामधे एजंट खातो आणि पोरीच्या आईला दोन लुगडी मिळतात.

मामा: हे मला पटतं. पण त्यानं माझं म्हणणं खोटं ठरत नाही, उलट पक्कं होतं. तुला 'बाजार' आठवतो? सागर सरहदींचा, ८२ सालचा. स्मिता पाटील होती. हैदराबादची गरीब घरं, आखातातून पैसा घेऊन आलेला नवरा, आणि कोवळी पोरगी. आम्ही नांदेडला तो बघितला तेव्हा थेटरात कुणी बोलंना. आपण ५६ सालापर्यंत हैदराबादचेच, बाई. ते शहर आपल्याला परकं नव्हतं. मग ९१ साली विमानात एक दहा-अकरा वर्षांची पोर रडताना सापडली, शेजारी साठीचा सौदी नवरा. हवाई सुंदरीनं विचारलं म्हणून कळलं. त्यात धर्म बघू नको, गरिबी बघ. जिथं एकाच्या खिशात पासपोर्ट आणि दुसऱ्याच्या घरात चूल थंड, तिथं 'राजीखुशी' हा शब्द मी मानत नाही.

भाची: ती लहान पोर होती, मामा. तो गुन्हा होता. आपली सून तीस वर्षांची आहे, पगार घेते. आणि एक गोष्ट तुम्ही विसरलात. या लग्नात श्रीमंत कोण? थायलंडचं दरडोई उत्पन्न आपल्या दुपटीच्या वर आहे. पोरीचा पगार आपल्या पोरापेक्षा जास्त आहे, त्यानंच सांगितलं मला. तिच्या गावच्या बायका तिला विचारायलेत म्हणे, की गोरा सोडून हा कुठला केलास.

मामा हसले. उदगीरच्या घरात ही बातमी अजून पोचलेली नाही, आणि ती पोचवायची कुणी यावर दोघांचं एकमत झालं नाही.

मामा: परक्या सुनेला माझा विरोध नाही, हे लक्षात घे. देगलूर, बिलोली, धर्माबादला तेलगू बोलणाऱ्या सुना पिढ्यान्‌पिढ्या आहेत. उदगीर, देवणीकडं कानडी. बाबासाहेबांनी ३६ सालीच लिहून ठेवलंय, की जात मोडायची तर आंतरजातीय लग्नं हाच खरा उपाय. गेल ऑम्वेट अमेरिकेतून आल्या, भारत पाटणकरांशी लग्न केलं ७६ साली, कासेगावात राहिल्या, ८३ ला भारताचं नागरिकत्व घेतलं, २१ साली तिथंच गेल्या. त्यांच्यासमोर मी हात जोडले आहेत.

भाची: मीही. पण त्या बर्कलीच्या पीएच.डी. होत्या. आल्या तेव्हा हातात अमेरिकेचा पासपोर्ट होता. त्यांना कधीही परत जाता आलं असतं, तरी त्या राहिल्या, म्हणून त्यांचं राहणं मोठं. परत जायची सोय असलेल्या बाईचं लग्न आणि सोय नसलेल्या बाईचं लग्न मी एका तागडीत तोलत नाही. तुम्ही मघाशी एस.टी.चं बोललात ते तेच की.

मामा: तेच. मग ही एस.टी. उदगीरहून उदोन थानीला कशी जाते ते सांग.

भाची: आता कायद्याचं सांगते. तिकडं परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही. थाई बायकोच्या नावानं घेतली, तर नवऱ्याला जमीन कचेरीत सही करून द्यावी लागते, की हा पैसा बायकोचाच आहे आणि माझा या जमिनीवर हक्क नाही. ९९ सालापर्यंत उलटं होतं, परदेशी नवरा केला म्हणून बाईलाच जमीन घेता येत नव्हती. ते बदललं. म्हणून इसानच्या गावात ती मोठमोठी नवी घरं दिसतात ना, ती बाईच्या नावावर. गोऱ्याशी बिनसलं तर तो विमानात बसतो, घर राहतं.

मामा: वा.

भाची: आणि आपल्याकडं तहसीलला कधी जाऊन बसा. सही कोण करायली? बहीण. ९४ ला महाराष्ट्रानं आणि २००५ ला देशानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढा हक्क दिला. आणि दिल्या दिवसापासून बहिणी हक्कसोडपत्रावर अंगठा करायलेत. भावानं माहेर तोडू नये म्हणून. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली होती, बायकोच्या नावानं जमीन करा म्हणून. किती गावांनी टिकवली? तुमच्या स्वतःच्या बहिणींनी, म्हणजे माझ्या आईनं आणि मावशीनं...

मामा: केल्यात सह्या. मला माहितीय. पुढं बोल.

इथं वाद थोडा घरचा झाला. जमिनीचा तो तुकडा मुखेड तालुक्यात आहे आणि त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही. मामांनी मात्र सह्यांची आठवण काढल्याचं मनात ठेवलं असावं, कारण पुढचा घाव त्यांनी नेमका तिथंच घातला.

मामा: तिकडचा कायदा तुला गोड लागला. मग इकडं ये. ही पोर उदगीरला नांदायला आली समज. तिला इथं शेत घेता येईल?

भाची: नाही. परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली की ओ.सी.आय. कार्ड मागता येतं, पण त्या कार्डावरही शेतजमीन नाही. नागरिकत्वाला अर्ज करायचा तर सात वर्षं इथं राहायला हवं. तोवर व्हिसा, आणि नोंदणीला जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांच्या कचेरीत.

मामा: आणि मोडलं तर?

भाची: घटस्फोट झाला की ते कार्ड रद्द होतं.

मामा: झालं की मग. तिकडं ती मालकीण, इकडं पाहुणी. तू सांगायलीस ती एस.टी. एकाच बाजूनं धावते. त्या पोरीनं उदगीरला यायचंच नाही, हे मी तिच्या बाजूनं म्हणायलोय.

भाची: आणि तुमचा भाचा तिकडं राहिला, तर तो पाहुणा. जमीन नाही, मत नाही, कंपनीनं काढलं की व्हिसाची धावपळ. पहिल्यांदा आपल्या घरातला पुरुष सासरी जाईल, असं समजा. बायका हजार वर्षं जातायत.

मामा: त्याची आई हे ऐकून घेणार नाही.

भाची: आई घेईल. तुम्ही घ्याल का, ते बघायचंय.

धर्माच्या बाजूनं हे लग्न सोपं वाटलं होतं. मुलाच्या आईनं सुरुवातीला होकार दिला तो मुलगी बौद्ध आहे एवढं ऐकूनच. थायलंडची मूर्ती, थायलंडचे भिक्खू मराठवाड्याला नवे नाहीत. २०२३ च्या जानेवारीत थायलंडचे शंभराहून जास्त भिक्खू अस्थिकलश घेऊन परभणीहून पायी चैत्यभूमीला निघाले, तेव्हा वाटेवर गावंच्या गावं फुलं घेऊन उभी होती. उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचं उद्‌घाटन २०२४ च्या सप्टेंबरात राष्ट्रपतींच्या हस्ते झालं. मामा परभणीला स्वतः गेले होते. पण घोडं धर्मापाशीच अडलं.

मामा: पोरानं फोटो पाठवले. तिच्या अंगणात खांबावर छोटंसं देऊळ, त्यात जागेचा देव. रोज उदबत्ती, लाल सरबत. दुसऱ्या फोटोत ती बँकॉकच्या एरावानला हात जोडून. तो ब्रह्मदेव आहे, बाई. चार तोंडांचा. ५६ च्या नोव्हेंबरात बसवला म्हणे, हॉटेल बांधताना अपघात व्हायले म्हणून ज्योतिषाला विचारून. त्याच्या आदल्या महिन्यात आपण नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा नाकारला. आणि आता सूनच त्याला हार घालणारी.

भाची: तिच्यासाठी ती बौद्धच आहे. सातशे-आठशे वर्षं तिकडं बुद्ध आणि ब्रह्मा एका अंगणात राहायलेत. तुमचा धम्म बंडातून आला, तिचा आजीकडून. तिला बावीस प्रतिज्ञा कुणी कधी वाचून दाखवल्या नाहीत.

मामा: मग दाखवूया.

भाची: दाखवा. पण सही घेऊ नका.

मामा: लग्न कसं लावतात तिकडं?

भाची: सकाळी भिक्खू येऊन परित्राण पाठ करतात, त्यांना भोजनदान. लग्न ते लावत नाहीत, आशीर्वाद देतात. मुलाकडची वरात नाचत येते, आणि मुलीकडच्या पोरी सोन्याचांदीच्या साखळ्या आडव्या धरून दार अडवतात; पाकीट दिल्याशिवाय आत सोडत नाहीत. नंतर दोघांच्या डोक्याला जोडणारा पांढरा दोरा, आणि वडीलधारे हातावर शंखानं पाणी घालतात. कागदाचं लग्न वेगळं, ते तालुका कचेरीत. तिथं आपल्या वकिलातीचा, मुलगा अविवाहित असल्याचा दाखला लागतो.

मामा: दार अडवायचं आपल्यासारखंच की.

भाची: पैसे द्यायचे मुलानं, तेही आपल्यासारखंच. त्या वेळी तुम्हाला ते खटकत नाही.

मामा: पाचशे रुपये आणि तोळ्यांनी सोनं यात फरक असतो. आणि मला अजून कुणी नीट सांगितलं नाही, हा सिन सोद असतो कशाबद्दल?

भाची: आईच्या दुधाचं मोल म्हणतात. तिनं वाढवलं, शिकवलं, त्याची परतफेड.

मामा: मग ऐक आता. मुलाच्या आईला विचार, हुंडा कशाबद्दल घेतेस? तीही हेच सांगते. पोराला वाढवलं, डी.एड. केलं, इंजिनियर केलं, खर्च आला. शब्द नवा वापरते, हिशेब तोच. तुझ्या इसानात पोरीवर आईबापाचं कर्ज. ती बँकॉकला जाते, डेन्मार्कला जाते, म्हाताऱ्याचे पाय चेपते, आणि दर महिन्याला पैसे पाठवून ते कर्ज फेडते. आपल्याकडं पोर हेच बापावरचं कर्ज. तिथं पोरीनं जन्मभर फेडायचं, इथं बापानं. तुला तिकडचं बरं वाटतं कारण तिथं पोरीला जन्माला येऊ देतात. ते बरंच आहे. पण सुटलेली कोण आहे, ते मला दाखव.

भाचीकडं यावर लगेच उत्तर नव्हतं. तिनं थोड्या वेळानं जे सांगितलं ते उत्तर होतं की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही.

भाची: फेडणाऱ्याच्या हातात निदान पैसा असतो, मामा. त्या थीमधल्या बायका आईला घर बांधून देतात, भावाची फी भरतात, आणि गावात गेल्या की त्यांचं ऐकावं लागतं. माझ्याकडं येणाऱ्या बाईनं वीस वर्षं शेतात राबून तिच्या नावावर काय असतं? बचत गटाचं पासबुक. मी सुटलेल्या बाईची वाट बघत बसले तर वकिली बंद करावी लागंल. मी फक्त बघते, की भांडण झालं त्या दिवशी हिच्या नावावर काय आहे आणि ही कुणाच्या दारात जाऊ शकते. आपल्या या सुनेला दोन्ही आहे. म्हणून मी हो म्हणायले.

मामा: आणि पोराच्या नावावर?

भाची: उदगीरचं घर आहे की, बापाचं.

मामा: बापाला मी विचारतो. आता मुद्द्यावर ये. ते किती मागायलेत?

भाची: तिकडं सोनं बाटमध्ये मोजतात. पैशाचं नाव तेच आणि वजनाचं पण तेच. एक बाट म्हणजे पंधरा ग्रॅमच्या थोडं वर, आपला दीड तोळा धरा. पाच बाट सोनं आणि वर रोकड. रोकड परत देऊ म्हणाले, सोनं मुलीच्या अंगावरच राहील.

मामा: पोरगा कर्ज काढायलाय का?

भाची: पगारातून साठवलंय त्यानं. पण मावशी म्हणते, एवढं आपण देणार तर उदगीरच्या स्वागत समारंभाला पाहुण्यांकडून आहेर तरी घेऊ, आणि भांड्यांची यादी...

मामा: यादी नाही! तिला सांग, यादी काढली तर मामा येणार नाही.

भाची: तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणंल, वकिलीण शिकवायली.

मामा: सांगतो. आणि त्या लोकांना कळवा, दोन बाट. तीन तोळे. त्याच्यावर एक गुंज नाही. तत्त्व म्हणून मी शून्यावरच होतो.

भाची: दोनावर ते यायचे नाहीत, मामा. गावासमोर ताट मांडायचं असतं त्यांना. तिच्या थोरल्या बहिणीच्या वेळी चार होतं.

मामा: मग साडेतीनला तोडा.

भाची: मामा, तुम्ही उभ्या जन्मात देण्याघेण्याच्या बैठकीला बसला नाहीत.

मामा: बसलो नाही म्हणून मला कळत नाही की काय? पोराला म्हणाव, रविवारी दुपारी तिच्या बापाला व्हिडिओवर घे. आणि दुभाषी तिलाच बसव, म्हणजे मी काय म्हणतो ते तिलाही कळंल.